नाव घेऊन थापलेली भाकरी

माघ सरत आला, खाडीकाठच्या गावांतले साखरपुडे उरकले, लग्नपत्रिकांचे गठ्ठे भिवंडीच्या छापखान्यांतून बाहेर पडू लागले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात केसरीनाथने भाकऱ्यांचे यंत्र आणले.

केसरीनाथ मंडपवाला. हळदीचा मांडव, खुर्च्या, मटणाची पातेली, जनरेटर आणि भाकऱ्या असे सगळे तो एका हाताने पुरवी. आगऱ्याची हळद तांदळाच्या भाकरीवाचून होत नाही आणि तांदळाची भाकरी बाईच्या तळहातावाचून होत नाही, या दोन सिद्धांतांवर त्याचा धंदा उभा होता. भाकऱ्या आनंदीबाईच्या पडवीत बसून चार बाया थापत, आणि पंक्तीत त्या 'केसरीनाथच्या भाकऱ्या' म्हणून वाढल्या जात. अर्थशास्त्राचे ग्रंथ या व्यवहाराला मध्यस्थी म्हणतात. गावात त्याला उपकार म्हणत.

यंत्र आणल्याचे सांगायला तो जातीने आला, हे त्याच्या सौजन्याला धरूनच झाले. मोटारसायकलवरून मात्र उतरला नाही. एक पाय जमिनीला टेकवून, इंजिन चालू ठेवूनच बोलला.

"आनंदीकाकी, अवंदा तुमाला तरास न्हाय. मशीन घेतलाय. पीठ टाकला का गोल गोल भाकर भाईर. दमत न्हाय, चाय मांगत न्हाय, आन् वटवट पन करत न्हाय."

आनंदीबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती. सुपाचा ताल मोडला नाही.

"बरा झाला रं," ती म्हणाली. "आमच्या हातांनी थापून थापून लय दमला व्हतास तू."

केसरीनाथ हसला, कारण शेठ माणसाला म्हातारीच्या बोलण्यावर हसता आले पाहिजे. गाडी वळवून तो गेला. दाराच्या आड उभ्या असलेल्या सुनेने, मृणालीने, हे सगळे ऐकले. तिच्या हातात निवडायला घेतलेल्या कोळंबीच्या सोड्यांचे ताट होते. ते तिने खाली ठेवले आणि बोटे पदराला पुसली. यंदाच्या लग्नसराईतले काम गेले, एवढे तिला पहिल्याच वाक्यात कळले होते.

ती मूळची भिवंडीतल्या कामतघरची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, बारावी झालेली. लग्न होऊन या गावात आली तेव्हा सासरच्या शेताच्या जागी गोदाम उभे राहिले होते. सासरा दौलत त्याच गोदामाच्या फाटकावर पहारेकरी होता. ज्या खाचरात त्याने चाळीस पावसाळे चिखल तुडवला, तिथे आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याचे ओळखपत्र तपासत असे, आणि स्वतःचेही गळ्यात घालत असे. नवरा मनोज आत माल चढवी. देशभरची माणसे मोबाईलवर बोट टेकवून जे जे मागवीत, ते या पत्र्यांच्या पोटातून निघून त्यांच्या दाराशी जाई. या गावातून सगळ्या जगाचा माल ऑनलाइन विकला जात होता. गावाचे स्वतःचे त्यात काही नव्हते, घाम वगळला तर. घामाला बारकोड नसतो.

संध्याकाळी मनोज जेवायला बसला तेव्हा बातमी त्याच्या आधी घरी पोचलेली होती.

"बरंच झालं," तो म्हणाला. "आईचे गुडघे गेलेत, तुझे डोळे जातील धुरानं. मी सुपरवायझरशी बोललोय. पॅकिंगला बायका पाहिजेत त्यांना. पाडव्यापासून लाग."

"शिफ्ट कुठली?"

"जी मिळंल ती."

मृणालीने त्याच्या ताटात कालवण वाढले. पॅकिंगच्या बायका तिने पाहिल्या होत्या. आठ तास उभ्या, लघवीला जायला चिठ्ठी, बाहेर पडताना अंग चाचपून झडती.

"पाडव्यापर्यंत थांब," ती म्हणाली. "तोवर मी स्वतः ऑर्डरी आणून दाखवते. नाही जमलं तर लागते."

"कुठनं आननार? दारोदार फिरनार?"

"फोनवरनं."

मनोज हसला नाही, हे त्याचे मोठेपण. फक्त एवढे म्हणाला, "कर काय ते. पन तोंड दाखवायचं न्हाय, तुझं बी न्हाय आन् आईचं बी न्हाय. नाक्यावर पोरं फोन घिऊनच बसल्यात."

*

त्याच दिवसांत भिवंडीत बचत गटांच्या बायांसाठी एक व्याख्यान झाले. विषय होता 'समाजमाध्यमांतून समृद्धी'. वक्ता टाय लावून आला होता. आपण ब्रँड आहोत असे आरशासमोर रोज म्हणावे, चालू असलेले गाणे लावावे, हसतमुख राहावे, म्हणजे समृद्धी येते, असे त्याचे सार होते. त्याने आयुष्यात काहीही विकलेले नव्हते, एक व्याख्यान सोडून. ते मात्र तो उत्तम विकत होता.

मृणालीने ते प्रामाणिकपणे ऐकले आणि प्रामाणिकपणे केले. 'आनंदीची भाकरी' या नावाने पान उघडले. तोंड दाखवायचे नाही म्हणून पाठमोरी उभी राहिली, शेजारणीची काठापदराची साडी नेसली, सिनेमातले गाणे लावले, आणि भाकरीचे ताट डोक्यावर धरून गिरकी घेतली. व्हिडिओ माहेरच्या माणसांनी पाहिला. काही अनोळखी पुरुषांनी त्याखाली लाल हृदये टाकली, आणि एकाने भाकरीसोबत तूही येशील का, असे विचारले.

पडवीत बसणाऱ्या बायांपैकी रंगूबाई जिभेने सगळ्यांत तिखट. ती दुसऱ्या दिवशी आली तीच कमरेवर हात ठेवून.

"काय गो, तमाशाची पार्टी काढलीस? सुपारी कवा घेनार?"

"धंद्यासाठी केलंय, रंगूमावशी."

"त्ये दिसला. धंदा कंचा त्ये न्हाय दिसला."

आनंदीबाईने फोन डोळ्यांपासून लांब धरून तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. "यात भाकर कुठं हाय?" तिने विचारले. "साडी हाय, गाना हाय. भाकर डोस्क्यावर. डोस्क्यावरची भाकर कोन खानार?"

मृणाली न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आली. मग तिने व्हिडिओ पुसला. रडण्यात वेळ न घालवणे ही तिची विद्या कामतघरच्या चाळीतली. तिथे सूत तुटले की माणूस रडत नाही, गाठ मारतो. पुढचे काही दिवस तिने एकच काम केले. आपण स्वतः दुसऱ्यांचे कोणते व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतो आणि कोणते अंगठ्याने वर ढकलतो, हे ती चुलीपुढे बसून नोंदीत राहिली. जिथे कोणी खरोखर काही करत असे तिथे अंगठा थांबे. जिथे कोणी आपण करत असल्याचे दाखवी तिथे तो पुढे सरके. व्याख्यात्याने हे सांगितले नव्हते. तसे सांगितले असते तर त्याच्या टायला अर्थ उरला नसता.

मग तिने पडवीच्या खांबाला सुंभाने वेळूची काठी बांधली, काठीला फोन. सकाळचे ऊन पूर्वेच्या झावळ्यांच्या झापातून आत येते तेव्हा परातीवर पडते, आणि नेमका धूर त्याच वेळी आडवा येतो. धूर टाळायला तिने चूल हलवून पाहिली; आनंदीबाईने ती पुन्हा जागेवर ठेवली. शेवटी फोनच खाली आला, परातीच्या काठाशी, आणि तिथून जे दिसले ते मृणालीनेही कधी पाहिले नव्हते. उकळत्या पाण्यात भिजलेले पांढरे पीठ, त्यात बुडालेली सासूची मनगटे, गरम उकड मळताना लालबुंद झालेली तळहाताची कड. गोळा दोन हातांत घेऊन फिरवताना तो वाढत जाई, पाण्याचा हात लागे, कडा पातळ होत जात, आणि पोळपाट नाही, लाटणे नाही, भाकरी दोन तळव्यांच्या मध्ये चंद्रासारखी मोठी होई. मग खापरावर पडे. मातीच्या त्या तव्यावर ती पहिल्यांदा गप्प बसे, आनंदीबाई तिच्याकडे बघून पुटपुटे, "फुग गो बाय, फुग. पावनं आलंत." आणि ती फुगे.

मृणालीने हे पुटपुटणे कापले नाही. गाणे लावले नाही. फुगणारी भाकरी सुरुवातीलाच ठेवली, कारण अंगठा पहिल्या दोन श्वासांतच निकाल देतो, हे तिने जोखले होते. खाली गावाचे नाव, जात्यावरचे पीठ नसून गिरणीचे आहे ही खरी गोष्ट, आणि हळदीच्या ऑर्डरी घेतो एवढेच लिहिले. शहरातल्या बायका डबे भरून जराशा टेकतात ती वेळ साधून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दुसरा. तिसऱ्या दिवशी रंगूबाईचे हात, आणि तिची एक शिवी, जी मुद्दाम ठेवली.

ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई, जिथे जिथे आगरी माणूस इमारतीत राहायला गेला होता आणि आजीचे हात मागे ठेवून गेला होता, तिथे तिथे तो व्हिडिओ पोचला. लग्नांच्या गटांत फिरला. 'माझी आजी अशीच बोलायची भाकरीशी,' असे एकीने लिहिले. खाली शेकड्यांनी माणसे बोलू लागली.

"काय म्हन्त्यात?" आनंदीबाई विचारी.

"म्हणतात, तोंडाला पाणी सुटलं."

"मंग लिव ना. ये बाय, जेवाला ये."

"आई, असं नाही लिहायचं. 'धन्यवाद, ऑर्डरसाठी मेसेज करा' असं लिहायचं."

"जेवाची आशा धरल्याव धन्यवाद बोलतात? लाज न्हाय?"

मृणालीने हसून विषय सोडला. तिची चूक एवढीच झाली, की फोनवर बोलले की अक्षरे आपोआप उमटतात हे तिने सासूला कौतुकाने शिकवून ठेवले होते. ती पीठ दळायला गिरणीत गेली. तिथे नंबर लांब होता. तेवढ्यात आनंदीबाईने परात बाजूला सारली, फोन तोंडाशी धरला आणि दारात आलेल्या प्रत्येकाला द्यायचे ते उत्तर प्रत्येकाला दिले: या जेवायला, रविवारी या, घरीच हाव.

या गावात कुणी भाकरीचे नाव काढले तर 'ये जेवायला' म्हणतात, आणि समोरचा 'येतो येतो' म्हणून आपल्या वाटेने जातो. बोलावणाराही खरा असतो आणि न येणाराही. हा व्यवहार दोन अर्ध्यांचा आहे. इमारतींत राहायला गेलेल्या माणसांना पहिले अर्धे आठवत होते. दुसरे ती विसरली होती.

रविवारी ती सगळी खरोखरच आली.

गोदामांच्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकत, फाटकावरच्या दौलतला पत्ता विचारत गाड्या आल्या. दौलतने सवयीने ओळखपत्र मागितले. "आनंदीमावशींचं घर हेच ना?" म्हणत मुलाबाळांसकट माणसे अंगणात उतरली. मृणाली ओटीवर भांडी घासत होती. राखेचे हात तसेच धरून ती उभी राहिली, आणि एकाने तिला दाखवलेल्या फोनवर तिने सासूचे उत्तर वाचले. घरात पाव्हण्यांसाठी होते काय? वर्षाचे बाजूला ठेवलेले पीठ, सुकट, भिजवलेले वाल.

"हाटेल काढलं का घरात?" मनोज मागच्या दाराशी दबक्या आवाजात बोलला. "लोक हसतील. आता सांग त्यांना, चूक झाली."

"कुनाची चूक?" आनंदीबाईने पदर खोचला. "मी बोलावली, ती आली. रंगूला हाक मार. आन् त्या वालाचा बिरडा टाक."

दुपारभर चूल विझली नाही. अंगणात चटया पडल्या. वालाचे बिरडे, सुकटीची चटणी, आणि खापरावरून थेट हातात पडणारी भाकरी. धुराने रंगूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, तरी तिने एका टाय नसलेल्या पण तशाच तोऱ्यातल्या गृहस्थाला बजावले, "उबा नको ऱ्हाऊ उजेडात. फोटो मागना काढ, आदी लाकूड आन." तो आणायला गेला. जेवणे झाल्यावर लोकांनी पाकिटे काढली. आनंदीबाईने त्यांचे हात मागे सारले.

"पैसं घेवाचं असतं तं दाराला पाटी लावली असती."

मनोजने कपाळाला हात लावला. पण त्या क्षणी मृणालीने जे केले त्यासाठी कुठल्याही विद्यापीठाने तिला पदवी द्यायला हरकत नव्हती, आणि म्हणूनच कुणी दिली नाही. तिने पैसे मागितले नाहीत. तिने प्रत्येकीला विचारले, घरात यंदा लग्न आहे का? गावाकडे आहे का? तुमचा नंबर ठेवू का, आणि तुम्ही आज जे काढलं ते तुमच्या नात्यातल्या गटावर टाकाल का? जेवलेला माणूस नाही म्हणत नाही. त्या रात्रीपर्यंत त्या अंगणाचे चित्र शंभर घरांत गेले होते, आणि ते मृणालीने टाकलेले नव्हते. स्वतःचे कौतुक स्वतः केले तर ती जाहिरात होते, हे तिला आता कळले होते. दुसऱ्याने केले तर तो शब्द होतो.

निघताना नेत्रा नावाची एक मुलगी थांबली. ठाण्याला राहणारी, कुठल्याशा बँकेत नोकरी करणारी.

"ताई, आमच्या प्रितमदादाची हळद आहे चैत्रात. बाबांना सांगते. तुमच्याच भाकऱ्या हव्यात मला."

*

नेत्राचा निरोप आठवड्याने आला. 'ताई, बाबांनी तुमच्या नंबरवर बुकिंग केलं. मावशींना सांगा, मी खूश आहे.'

मृणालीने निरोप दोनदा वाचला. तिच्या नंबरवर कुणाचाही फोन आला नव्हता.

उलगडा रंगूबाईने केला. ती आली ती बोलत नव्हती, आणि रंगूबाई बोलत नाही म्हणजे काहीतरी मोडलेले असते. तिने भाच्याचा फोन पुढे केला. तेच हात, तीच परात, तीच फुगणारी भाकरी. वर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत केसरीनाथच्या मांडवाचे नाव आणि त्याचा नंबर. 'अस्सल हातावरची भाकरी.' आनंदीबाईचे पुटपुटणे तेवढे काढून टाकले होते. तिथे ढोल वाजत होता.

हात बायांचे दाखवायचे, वाढायची यंत्राची. ज्या यंत्रासाठी या बायांना घरी बसवले त्याच यंत्राच्या भाकऱ्या विकायला याच बायांचे हात लागत होते. चोरीत सुद्धा त्याला त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हते.

"मी त्याला नाक्यावर धरतो," मनोज म्हणाला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"धर. आणि काय विचारशील? हे हात कुणाचे म्हणून?"

"आईचे!"

"कशावरून? तोंड कुठाय त्यात?"

तोंड दाखवायचे नाही, ही अट मनोजचीच होती. मृणालीने ती उगाळली नाही. तिने केसरीनाथवर लांबलचक मजकूर लिहायला घेतला. फार चांगला मजकूर होता तो, प्रत्येक वाक्याला धार होती. लिहून झाल्यावर तिने तो वाचला आणि पुसून टाकला. भांडण लोक चवीने पाहतील, पण भांडण पाहायला आलेला माणूस भाकरी मागत नाही.

सकाळी परातीपुढे बसल्यावर ती सासूकडे बघत राहिली. आनंदीबाईची एक रीत होती. कुणाच्याही हळदीच्या भाकऱ्या थापायला बसली, की पहिला गोळा हातात घेऊन ती त्या घराचे नाव घेई. 'ही पाटलांच्या दारची, पोरीचा संसार फुलू दे,' एवढेच. मग ती भाकरी चुलीशी ठेवी, आणि बाकीच्या टोपलीत. केसरीनाथसाठी काम करतानाही ती घराचे नाव आधी विचारून घेई. 'तुमाला काय करायचंय' म्हणत तो वैतागून सांगे. मृणालीने हे इतके वेळा पाहिले होते, की पाहायचेच सोडून दिले होते.

"आई," ती म्हणाली, "आज फोनकडे तोंड करून बसा."

आनंदीबाईने मुलाकडे पाहिले. मनोज शिफ्टला निघाला होता. त्याने पायांत बूट चढवले, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग सुंभाला बांधलेली ती काठी त्याने स्वतः वर सरकवली, आईचा चेहरा नीट मावेल इतकी.

"पदर डोक्यावरनं घे, आये," तो म्हणाला आणि निघून गेला.

व्हिडिओत आनंदीबाईने आधी आपले दोन्ही हात पुढे धरले. ढोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग. "यो हात माजा," ती म्हणाली. "आन् यो तोंड पन माजाच. म्हातारा हाय, पन दुसऱ्या कोनाचा न्हाय." शेजारून रंगूबाईने डोके आत घातले: "आन् यो माजा. यो बी कोन चोरनार असंल तं सांगा, पोलीसपाटलाला राखनीला ठेवताव." मग आनंदीबाईने गोळा उचलला. "ज्याच्या दारी हलद हाय त्यानं आमाला घराचा नाव सांगाचा. पयली भाकर तुमच्या घराचा नाव घिऊन थापताव. ती तुमाला फोनवर दाखवताव. नाव ऐकू आला तं समजा, आमच्या हातची. न्हाय आला, तं कोनाची त्येला इचारा."

केसरीनाथचे नाव कुठेच नव्हते. त्याची गरज उरली नव्हती.

खाली लिहिणाऱ्या पहिल्या दहा-बारा जणांची नावे मृणालीने त्याच सकाळी घ्यायला लावली. प्रत्येकाला त्याच्या घराच्या नावाची भाकरी फुगताना पाठवली. त्या घरांनी ती आपापल्या गटांत टाकली, पत्रिकेसोबत टाकली, कुणी कुणी वारलेल्या आजीच्या तसबिरीला दाखवली. ज्यांनी केसरीनाथकडे नोंदणी केली होती ते त्याला विचारू लागले, आमच्या नावाची कुठाय? केसरीनाथने पिठाचे पोते, यंत्र आणि स्वतःचा हसरा फोटो पाठवून पाहिला. यंत्र दिवसाला हजारो भाकऱ्या काढत होते, पण त्यातली एकही कुणाच्या घरची नव्हती.

नेत्राच्या बाबांचा फोन आला तो मृणालीच्या नंबरवर. माणूस अघळपघळ होता, पण आवाज पडलेला. "मांडव त्याचाच राहू दे, ॲडव्हान्स गेलाय. पण भाकऱ्या तुमच्या. आमच्या आईचं नाव घ्याल का? ठकुबाई. यंदाच गेली."

पाडव्याला मनोजने सुपरवायझरला सांगितले, बायको येत नाही. घरी येऊन तो चूल लिंपत बसलेल्या मृणालीजवळ उभा राहिला.

"विचारत व्हता, काय करते म्हणून."

"काय सांगितलंस?"

"म्हणालो, सांगायला तिला येळ न्हाय."

*

हळदीच्या दिवशी दुपारीच चौघी बाया टेम्पोतून ठाण्याला गेल्या. खापरे गोणपाटात गुंडाळलेली, परातींचा खणखणाट, आणि रंगूबाईची अखंड बडबड. मांडव इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत. केसरीनाथ आधीच आला होता. त्याने त्यांना नेहमीची जागा दाखवली, मांडवाच्या मागे, जनरेटर आणि हात धुण्याच्या नळांच्या मध्ये.

"इथं धूर कोंडतो, शेठ," मृणाली म्हणाली. "पुढे कोपऱ्यात जागा आहे."

"पुढं पावनी बसतात. बायांची जागा मागंच असते. ही रीत आजची हाय का?"

मृणालीने वाद घातला नाही. चिखलात विटा मांडल्या, चुली पेटवल्या. जनरेटरच्या धुराने डोके भणभणत होते. पायांखालून खरकटे पाणी वाहत होते. आनंदीबाईचे गुडघे दुमडेनात. मृणालीने तिच्या पाठीशी पोते ठेवले. पहिला गोळा हातात आला. "ही ठकुबाईच्या दारची," आनंदीबाई म्हणाली, "नातवाचा संसार बघ गो बाय, आहेस तिथून," आणि मागे हुंदका फुटला. नेत्राचे बाबा होते. त्यांच्या मागे नेत्रा, तिच्या मागे आत्या, मावश्या, मावश्यांची मुले. प्रत्येकीला ती भाकरी बघायची होती, तिच्याजवळ उभे राहायचे होते, आपल्याही घराचे नाव घेऊन मागायची होती. आमची घ्या, कोन गावच्या चौधऱ्यांची. आमची घ्या, दिवा गावची. हळद लावलेला प्रितम स्वतः पाटावरून उठून मागे आला, पिवळ्या अंगाने चिखलात उभा राहिला.

पुढच्या मांडवात खुर्च्या, कारंजे, दिव्यांच्या माळा आणि डीजे उरला. पाहुणे मागे जनरेटरपाशी होते.

केसरीनाथने हे थोडा वेळ पाहिले. धंद्यातला माणूस, गर्दी कुणाभोवती आहे हे त्याला शिकवावे लागत नव्हते. त्याने दोन पोरांना हाक मारली, कारंजे बाजूला घ्यायला लावले, आणि वेळ वाचावा म्हणून एक तापलेले खापर गोणपाटात धरून स्वतःच पुढे नेऊ लागला. "सांभालून रं," आनंदीबाई मागून म्हणाली, "हात भाजंल. सवय न्हाय तुला."

मांडवाच्या दर्शनी कोपऱ्यात चुली मांडल्या गेल्या. वारा लागला. बाया पुन्हा बसल्या. पंगत पडायला अजून अवकाश होता, तेव्हा केसरीनाथ मृणालीच्या बाजूला उकिडवा बसला, त्याच्या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच.

"पुढल्या हप्त्यात तीन हलदी हायेत माज्याकडं," तो हळू आवाजात म्हणाला. "तिघंबी बोलतात, नाव घेऊन पाहिजे. तू या चौघींना घेऊन ये. पैसं वाढवून देतंव. फक्त बोर्ड माजा."

मृणालीचे हात पिठात होते. तिने गोळा फिरवत ठेवला, कड पातळ करत आणली.

"बोर्ड नाही जमणार, शेठ. घराचं नाव आणि आमचं नाव, मध्ये कुणी नाही. आणि तारखा भरत आल्यात. तुम्ही पानावर मेसेज टाका. आधी ज्याचा येतो त्याला आधी उत्तर देते."

"मी इतं बाजूला बसलोय ना?"

"सगळेच कुठंतरी बसलेले असतात."

तिने भाकरी खापरावर टाकली. केसरीनाथ उठला. मांडवाच्या खांबाशी जाऊन त्याने फोन काढला, दिव्यांच्या माळेखाली हात लांब करून, चष्म्याशिवाय एकेक अक्षर शोधत तो लिहू लागला. मधूनच त्याचे बोट थांबे, पुसे, पुन्हा शोधे. परातीशेजारी ठेवलेला मृणालीचा फोन वाजला.

"बग तरी कोनाचा हाय," रंगूबाई म्हणाली.

"बघीन," मृणाली म्हणाली, "हात धुतल्यावर," आणि पुढचा गोळा घेतला.